बाईंनी निवडलेले टायर

माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण आहे ते इंदापूरच्या आमच्या डॉक्टरीणबाईंचं. त्यांचं नाव लिहीत नाही. स्वतःचं नाव कुठे छापून आलेलं त्यांना आवडत नसे, आणि तसंही त्या काळी इंदापूर तालुक्यात नुसतं ‘बाई’ म्हटलं की कुणाबद्दल बोलणं चाललंय ते सगळ्यांना कळायचं.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेत गेलेलं नव्हतं. नरसिंहपूरच्या अलीकडे, भीमा आणि नीरा एकमेकींना मिळतात तिथून थोड्या अंतरावर आमची वस्ती. गावातली शाळा संपली त्या सुमाराला माझ्या पायाला गळू झालं म्हणून आबा, म्हणजे माझे वडील, मला बाईंच्या दवाखान्यात घेऊन गेले. गळू कापता कापता बाईंनी मला इकडचं तिकडचं विचारलं आणि पट्टी बांधून झाल्यावर आबांना म्हणाल्या, “ह्याला पुढं शिकवा. राहायची अडचण असेल तर माझी मागची खोली रिकामीच आहे.” आबा घाईघाईने हो म्हणाले. मला वाटतं, बाईंनी पुन्हा विचार करू नये म्हणून. इंदापुरातली शाळा मी त्या खोलीत राहून केली. पुढे बारामतीला हायस्कूल, मग पुण्याला कॉलेज. पण सुट्टी लागली की आधी ती खोली आणि मग घर, असंच माझं जाणं असायचं. इंग्रजी वाचायला त्यांनीच शिकवलं. समजलं नाही तर ‘समजलं नाही’ म्हणायला लाजायचं नाही, हेही त्यांच्याकडूनच शिकलो.

असं असलं तरी बाई आठवतात तेव्हा मला दवाखाना आठवत नाही. आठवतात त्या मोटारीच्या चाकापाशी उकिडव्या बसलेल्या, पदर खोचलेल्या, अंगठ्याने टायर दाबून बघणाऱ्या बाई.

त्यांची मोटार दोन माणसांची, उघडी आणि बुटकी होती. देश सोडून निघालेल्या कुणा साहेबाने जाताना विकलेली. रंग गडद हिरवा. चाकांना सायकलीसारखे तारेचे आरे आणि मधोमध पंख असलेला एक मोठा नट. तो हातोडीने ठोकून सैल करायचा, की सबंध चाक हातात येई. खरं तर ती शर्यतीत पळवायला केलेली मोटार. आमच्याकडे ती बाळंतिणींसाठी पळायची. आमच्या गाडीवाटांवर सुगीनंतर बाभळीच्या काट्यांचा नुसता सडा असे, म्हणून तिला जाड, खवल्याखवल्यांचे टायर घातलेले होते, आणि आतून जुन्या टायरांचे तुकडे लावलेले. त्या टायरांवर मोटार घुमत, हिसके देत चाले. बाई म्हणायच्या, “हरीण नांगराला जुंपलंय मी.”

मुंबईजवळ एका जुन्या, वापरात नसलेल्या धावपट्टीवर दरवर्षी थंडीत मोटारींच्या शर्यती होत. त्यात बायकांची वेगळी फेरी असे. बाई डॉक्टरी शिकत असताना मैत्रिणींबरोबर एकदा तिथे गेल्या होत्या आणि दोरीच्या मागे उभं राहून त्यांनी ती फेरी पाहिली होती. धावपट्टीच्या टोकाला गवताच्या पेंढ्या रचून एक वळण केलेलं होतं. बाकीच्या सगळ्या जणी तिथे येऊन मोटार हळू करत. डोक्याला पांढरा रुमाल बांधलेली एक बाई मात्र तशीच आत घुसली, मोटार आडवी सरकली असं वाटलं आणि ती पलीकडून सरळ निघून गेली.

“पहिली आली का ती?” मी विचारलं होतं.

“कोण जाणे. माझं लक्षच नव्हतं नंतर.” बाई तारेचे आरे पुसत होत्या. “मला नंबर नको रे. ते वळण एकदा घ्यायचंय. तसंच, न थांबता.”

हे त्यांनी मला मी शाळेत असताना सांगितलं होतं. त्यानंतर किती वर्षं त्या अर्ज करायच्या आणि ऐन वेळी काहीतरी निघायचं. कधी पटकीची साथ, कधी बदली डॉक्टर मिळत नाही. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा मात्र सगळं जमून आलं. फेरीत नाव लागलं. बारामतीचे एक वयस्क डॉक्टर चार दिवस इंदापूरचा दवाखाना सांभाळायला तयार झाले. मला बाईंचं कार्ड आलं, ‘दिवाळीला ये. टायर निवडायचे आहेत. तू पदार्थविज्ञान शिकतोस, त्याचा काही उपयोग होतो का बघू.’

मी पुस्तकं घेऊन आलो. दवाखान्याच्या ओट्यावर मुंबईच्या दुकानांची माहितीपत्रकं पसरलेली होती. बाईंना नवी चाकं घेणं परवडणारं नव्हतं. चाकं तीच, फक्त टायर नवे. अरुंद घ्यावे की रुंद, हा पहिला प्रश्न होता. मी माझं पुस्तक उघडून मोठ्या विश्वासाने सांगितलं, की घर्षण हे टेकलेल्या पृष्ठभागाच्या आकारावर अवलंबून नसतं, तेव्हा रुंद टायरचा काही फायदा नाही.

बाईंनी ते वाक्य स्वतः वाचलं. मग पायातली चप्पल काढून तळवा फरशीवर घासला.

“हे लाकडाच्या ठोकळ्यासाठी लिहिलंय. रबर लाकडासारखं वागत नाही, ते खालच्या खरबरीत जागेत शिरतं. तळपायासारखं. परीक्षेत मात्र पुस्तकातलंच लिही.”

मग आम्ही रबराकडे वळलो. कडक रबर जास्त दिवस टिकतं, मऊ लवकर झिजतं पण रस्ता धरून ठेवतं. एका दुकानदाराने रबराचे दोन लहान नमुने पाठवले होते. बाई डोळे मिटून ते अंगठ्याने दाबायच्या, रोग्याच्या पायावरची सूज बघतात तसे, आणि सोडल्यावर खळगा किती वेळाने भरतो ते बघायच्या. दोन दिवस त्यांनी ते नमुने पेशंट तपासायच्या टेबलावर ठेवले होते. शेवटी मऊ ठरलं. नक्षी म्हणाल तर अगदी बारीक सरळ रेघा. जाड खवले सपाट जागेवर डुलतात आणि वळणात मोटार हव्या त्या जागी राहत नाही, हे आम्ही आमच्याच मोटारीवरून जाणत होतो.

चाकांची निवडही बाईंनी केली. मोटारीला स्टेपनी धरून पाच चाकं होती, त्यातली चांगली चार हवी होती. जॅकवर घेऊन एकेक चाक त्या फिरवायच्या. थांबताना दरवेळी एकच बाजू खाली येत असेल तर ती बाजू जड. मग गुडघ्यावर मारायची रबरी हातोडी उलटी धरून तिच्या धातूच्या दांड्याने एकेक आरा ठोकायच्या आणि कान लावून ऐकायच्या. ताठ आरा टणकन वाजे, सैल आरा ठस्सकन. सैल निघाला की मी चावीने आवळायचो. दवाखान्यातल्या आयाबाई, त्यांना आम्ही मावशी म्हणायचो, दारात उभ्या राहून म्हणाल्या, “माणसांचं छाताड ऐकून पोट भरलं न्हाय व्हय बाईंचं. आता चाकाला खोकला झालाय.”

टायर मुंबईहून रेल्वेने दौंडला आणि तिथून छोट्या गाडीने बारामतीला आले, तेव्हा नाताळची सुट्टी लागली होती. बाई आणि मी ते आणायला गेलो. माल ठेवायच्या शेडमध्ये टायर एकावर एक रचलेले होते आणि त्यांचा तो नव्या रबराचा वास सगळ्या शेडभर झाला होता. गुळाच्या ढेपा तिथेच होत्या, तरी रबराचाच वास येत होता. बाईंनी एक टायर उभा केला आणि अंगठ्याने दाबून पाहिला. वाटेतलं जळोची गाव मागे पडलं तरी मी मांडीवर एक टायर घेऊनच बसलो होतो. बाकीचे मागे दोरीने बांधलेले.

निमगाव केतकीला आठवड्याचा बाजार भरला होता. मोटारीला वाट मिळेना म्हणून आम्ही थांबलो, आणि थांबल्याबरोबर माणसं जमली. पालेभाजी घेऊन बसलेले एक तात्या उठून आले. टायरावरून हात फिरवून त्यांनी मान हलवली.

“बाई, हे कुणी दिलं तुमाला?”

“मुंबईहून मागवलेत तात्या. का?”

“फसवलं. ह्याला काय नक्षीच न्हाय. पार झिजलेलं दिलंय.”

“नवीन आहेत हो ते. असेच असतात.”

“नवं आन् असं गुळगुळीत?” तात्यांनी शेजारी बसलेल्या चांभाराला हाक मारली. “ये, बघ रं हिकडं. ह्याला रबर म्हणत्यात का?”

चांभार जुन्या टायरांच्या वहाणा करायचा. त्याने नखाने टायर दाबून पाहिला आणि म्हणाला, “वहाणंला चांगलं हाय. पायाला लागणार न्हाय. पर टिकायचं न्हाय.”

“टिकायला नकोच आहे,” बाई म्हणाल्या. एक म्हातारी हळूच म्हणाली, “डाक्टरीण हाय, पर भाबडी हाय बिचारी.” बाई हसत हसत मोटार पुढे काढू लागल्या.

जुने टायर रिमवरून उतरवून नवे चढवायचं काम आम्हीच केलं. लोखंडी पट्ट्या घालून एकेक कड उचलायची, ट्यूब चिमटू द्यायची नाही. सबंध दिवस गेला. चाकं तेवढीच, त्यामुळे एकदा नवे टायर चढले की मोटार वाड्यावस्त्यांवर नेता येणार नव्हती. तेवढे दिवस बाई बैलगाडीने जाणार होत्या. स्टेपनीला मात्र जुना जाड टायर तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या मुरमाड माळावर मोटार पळवून बघायची ठरली. पहिल्याच वळणावर मोटार स्वतःभोवती गिरकी घेऊन उलट्या तोंडाने उभी राहिली. बाईंनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. त्या खाली उतरल्या, टायरावर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि मला म्हणाल्या, “गोडेतेल.”

मावशींनी पहाटे उठून चारी टायरांना तेल चोळलं होतं. हळदीकुंकूही लावलं होतं. परतल्यावर बाईंनी विचारलं तेव्हा त्यांनी मुळीच लपवलं नाही.

“व्हय, मीच लावलं. बेंदराला बैलांच्या शिंगांना न्हाय लावत आमी? तुमच्या गाडीचं पयल्यांदाच जाणं हाय येवढ्या लोकांत. कोरडी कशी धाडायची?”

“मावशी, अहो, ती घसरते तेलानं.”

“आमची बैलं कुठं घसरत्यात?”

“शिंगांवर पळत नाहीत ना ती.”

मावशी मग आत जाऊन रिठ्याचं पाणी उकळून घेऊन आल्या, आणि आम्ही तिघांनी मिळून टायरांना न्हाऊ घातलं. दुपारी बाईंनी चुलीतली राख चाळून अंगणात पट्टा ओढला आणि मोटार त्यावरून हळू नेली. टायराचा ठसा मधेच उमटला तर हवा जास्त, कडांनाच उमटला तर कमी. मी पंपाने हवा भरायचो किंवा सोडायचो, बाई वाकून ठसा बघायच्या, पुन्हा राख. शेवटी सगळ्या रेघा सारख्या उमटल्या. मावशी म्हणाल्या, “चांगली रांगोळी झाली, आता पुसू नगा.”

संध्याकाळी पुन्हा माळावर गेलो. मी मधे हातात काठी घेऊन उभा होतो आणि बाई माझ्याभोवती वळत होत्या. मोटार तीच, पण हिसके नव्हते, घुमणं नव्हतं. चाकांचा आवाज बदलला होता. कापड फाडल्यासारखा बारीक, सलग. दरवेळी त्या जवळ येत तेव्हा त्यांचा चेहरा मला दिसे. इतकी वर्षं मी त्यांच्याकडे राहिलो, पण तो चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता. त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. लक्षपूर्वक काही ऐकत असल्यासारख्या त्या दिसत होत्या. काळोख पडायच्या आत परतलो. “जमेल,” एवढंच त्या म्हणाल्या.

शनिवारी सकाळी आम्ही मुंबईला निघणार होतो. फेरी रविवारी दुपारी होती. मोटार दवाखान्यापुढे उभी, मावशींनी भाकरी बांधून दिलेली, मी डोक्याला घट्ट टोपी घातलेली. तेवढ्यात रस्त्याच्या वळणावरून सायकल आली आणि सायकलवर आबा. आमच्याकडे सायकल नव्हती, आबांनी गावातल्या मास्तरांची मागून आणली असणार; ते बघताच मला कळलं, की ताईचं काही आहे. माझी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

आबांनी सायकल तशीच खाली सोडली. “बाई, पोर अडलीया. कालच्या दुपारपासनं. सुईण म्हणती मूल आडवं हाय.”

बाईंनी विचारलं, “पाणी गेलंय का? ताप आहे का?” आबांना सांगता येईल तेवढं त्यांनी सांगितलं. मग त्या मोटारीकडे वळल्या आणि टायरांकडे बघत उभ्या राहिल्या. फार वेळ नाही, पण त्या उभ्या होत्या. जुने टायर परत चढवायला दुपार झाली असती. बारामतीचे डॉक्टर दुपारच्या एसटीने यायचे होते, आणि ते आले असते तरी त्यांना नरसिंहपूरच्या वाटेवर नेणार कोण.

“आबा, वाट कशी आहे?”

“कुंपणाच्या काट्या वडल्यात लोकांनी. लई काटं हाईत बाई.” आबांना टायरांचं काही माहीत नव्हतं. “बैलगाडी घेऊ का?”

“नको. बैलगाडीनं उशीर होईल.” त्या मला म्हणाल्या, “पिशवी घे. पंप आणि पंक्चरचा डबा घे. स्टेपनी बघ.”

आबा सायकलनं मागून येणार होते. आम्ही निघालो. पक्का रस्ता संपेपर्यंत मोटार वाऱ्यासारखी गेली, आणि गाडीवाट लागली तशी मी टायरांकडे वाकून बघू लागलो. बाई म्हणाल्या, “बघू नकोस. बघून काटे कमी होत नाहीत.” पहिलं चाक ओढ्याच्या अलीकडे बसलं, तिथे स्टेपनी लावली. दुसरं बसलं तेव्हा मी ट्यूबला ठिगळ लावलं, तोवर बाईंनी टायरच्या आत हात घालून काटे उपसले. त्यांच्या बोटांतून रक्त येत होतं आणि त्या ते पदराला न पुसता पेटीतला कापूस मागत होत्या, कारण पुढे त्याच हातांनी काम होतं. शाळूच्या रानातून वस्तीची झाडं दिसू लागली तेव्हा मागची दोन्ही चाकं एकदम गेली. मी पंप घेऊन उतरू लागलो.

“बस खाली,” बाई म्हणाल्या. “रिम गेली तरी चालेल.”

रिमखाली रबर चिरडलं जात होतं. आरे तुटताना एकेक टणत्कार ऐकू येत होता. आम्ही दिवाळीत ठोकून ठोकून लावलेले आरे. तसेच आम्ही आमच्या दारात पोचलो.

आतलं मला माहीत नाही, ते बायकांना माहीत. मी बाहेर चुलीवर पाणी उकळत होतो. आबा येऊन पोचले, घोंगडीवर बसले, पुन्हा उठले. दुपार कलल्यावर रडण्याचा आवाज आला. मुलगी होती. ताईला ताप चढला म्हणून बाई राहिल्या, रविवारीही राहिल्या.

रविवारी दुपारी ताईचा ताप उतरला. बाई बाहेर येऊन दगडावर बसल्या. माझ्या आईने चहा दिला. समोर मोटार एका बाजूला कलून उभी होती आणि मागच्या चाकांवरून रबराच्या चिंध्या लोंबत होत्या. बाईंनी चहा अर्धा प्यायला, सावली कुठवर आली ते पाहिलं आणि म्हणाल्या, “आता फेरी सुरू झाली असेल.”

आबांना मी सगळं आदल्या दिवशी सांगितलं होतं. ते समजूत घालायला म्हणाले, “बाई, तुमची शर्यत हितंच झाली म्हणायची. आन् तुमी जिंकली.”

“नाही आबा.” बाईंचा आवाज अगदी साधा होता. “ही शर्यत नव्हती. हे माझं काम आहे, ते मी रोज करते. शर्यत ती वेगळी.” मग आबांना वाईट वाटेल असं वाटून त्या म्हणाल्या, “पण पोरगी छान आहे हो तुमची नात.”

पुढच्या वर्षी बायकांची फेरी ठेवलीच नाही. पुरेशी नावं आली नाहीत असं कळवलेलं होतं. बाईंनी ते पत्र घडी करून पेनाखाली ठेवलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. त्यानंतरच्या वर्षी त्यांची आई अंथरुणाला खिळली, म्हणून मोटार विकून त्या विदर्भात, आपल्या मूळ गावी गेल्या आणि तिथेच एका दवाखान्यात राहिल्या.

चिरडलेले टायर आबांनी टाकून दिले नाहीत. निमगावच्या बाजारात त्याच चांभाराकडून त्यांच्या वहाणा करून घेतल्या. एक जोड आबांना, एक मला, बाकी भावकीत. आबांचा जोड पावसाळ्याच्या आत झिजला. “लई मऊ निघालं. नुसतं पाय धरतंय जिमिनीला,” ते म्हणाले. बाई इंदापूर सोडायच्या आधी मी त्यांना हे सांगितलं तेव्हा त्या मोठ्याने हसल्या. “म्हणजे निवड बरोबर होती,” त्या म्हणाल्या, आणि मग हसणं थांबल्यावर पुन्हा एकदा, हळू, “बरोबरच होती.”

माझा जोड मी घालत नसे. बी.एस्सी. झाल्यावर मला मुंबईला एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली, तेव्हा तो ट्रंकेत आला. ती धावपट्टी कुठे आहे हे मला ठाऊक होतं, पण तिकडे जायला मला काही वर्षं लागली. बाईंशिवाय तिथे जाणं बरोबर नाही असं वाटे. एका शनिवारी गेलो, आणि परत आल्यावर बाईंना पत्र लिहिलं. ते असं:

आदरणीय बाई, नमस्कार.

आज मी ती धावपट्टी बघून आलो. तुम्हाला विचारल्याशिवाय गेलो, राग मानू नका.

शर्यती आता तिथे होत नाहीत असं पहारेकरी म्हणाला. सिमेंटच्या फरश्यांच्या सांध्यांतून गवत आलं आहे आणि कडेला म्हशी चरतात. पण टोकाचं वळण ओळखता येतं. पेंढ्या नाहीत, पण काळ्या खुणा अजून आहेत. तुम्ही सांगायचात त्यापेक्षा ते बरंच मोठं आहे. आत शिरताना रुंद आहे आणि पुढे आवळत जातं. त्यामुळे बाकीच्या जणी हळू का करत असतील ते समजलं.

मी पायात आबांनी करून घेतलेल्या वहाणा घालून गेलो होतो. तुम्हाला हसू येईल, पण मला दुसरं काही सुचलं नाही. सिमेंट खरबरीत आहे, दळायच्या दगडासारखं. त्यावर ते रबर कसं बसतं ते मी वाकून, अंगठ्याने दाबून पाहिलं. अजून मऊ आहे. बारीक रेघाही एका बाजूला शिल्लक आहेत. मी आधी चालत वळण घेतलं, मग पळत. पळताना आतल्या बाजूला झुकावं लागतं, तरी पाय जराही सरकला नाही. खवल्यांचे जाड टायर इथे डुलले असते. तुम्ही रुंदी, रबर आणि नक्षी, तिन्ही बरोबर निवडली होती, आणि माझं पुस्तक चूक होतं.

पहारेकऱ्याने विचारलं, मास्तर, काही हरवलंय का? मी नाही म्हटलं. मग थोड्या वेळाने वाटलं, हो म्हणायला हवं होतं.

ताईची मुलगी यंदा शाळेत जाऊ लागली. आबा तिला रोज सायकलवर पुढे बसवून नेतात आणि ती त्यांना अजून जोरात, अजून जोरात असं म्हणते. आबा म्हणतात, हे बाईंच्या हातचं हाय. त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. त्या रविवारी ते बोलले ते चुकलं असं त्यांना अजून वाटतं. चुकलं नव्हतं, पण तुम्ही दिलेलं उत्तरही मी विसरलेलो नाही. तुमच्या कामाचं ऋण माझ्या घरावर आहे, आणि ते फिटायचं नाही. पण ते वळण त्या कामात धरता येत नाही, हे मला आज तिथे उभं राहिल्यावर नीट कळलं. तुमच्या टायरांनी ते घेतलं, तेही माझ्या पायांतून, आणि तुम्ही तिथे नव्हता. पळताना मला सारखं तेवढंच वाटत होतं.

आईंची तब्येत सुधारली आणि चार दिवस निघता आलं तर मुंबईला या. माझ्या शाळेतल्या एका शिक्षकांच्या भावाकडे मोटार आहे, लहान आहे पण चांगली चालते. मी त्यांना विचारून ठेवलं आहे. ते हो म्हणालेत. टायर तुम्ही सांगाल ते घालू. शनिवारी दुपारनंतर फाटक उघडं असतं.

आपला,
मागच्या खोलीतला